आईच्या पानातला बटाटा

गेल्या महिन्यात आईची जेवणानंतरची शुगर २४० आली. डॉक्टर म्हणाले, भात-बटाटा कमी करा. आई दवाखान्यात काहीच बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "म्हणजे माझी बटाट्याची कोशिंबीर गेली!"

आमच्याकडे पानाची डावी बाजू म्हणजे ही कोशिंबीर. उकडलेला बटाटा, दही, दाण्याचं कूट, वरून तूप-जिरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी. उपवासाला तर हवीच, एरवीही हवी.

मग मी फ्लॉवरची करून पाहिली. १०० ग्रॅम बटाट्यात साधारण १७ ग्रॅम कर्बोदकं असतात, फ्लॉवरमध्ये ५च्या आसपास. पहिल्यांदा पार फसली. फ्लॉवर पाण्यात उकडला, त्यानं पाणी धरलं आणि कोशिंबिरीची कढी झाली. दुसऱ्यांदा बारीक तुरे नुसते वाफवले, दाताखाली लागतील इतपतच. स्वच्छ पंचावर पसरून कोरडे केले. दही अर्धा तास फडक्यात टांगलं. कूट जरा जास्त घातलं, साखर अजिबात नाही. फोडणी तीच.

आईनं दोन घास खाल्ले. "बटाटा नाहीये हा," म्हणाली. पण वाटी संपवली. उपवासाला फ्लॉवर चालत नाही, त्या दिवशी काकडीवर भागवतो. (तुमच्या गोळ्या चालू असतील तर खाण्यातला बदल डॉक्टरांना विचारूनच करा.)

इथवर सगळं छान होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही शुगर आहे. मी उत्साहानं म्हटलं, "मावशी, तुम्हीपण करा ना घरी." त्या हसल्या. "ताई, एवढ्या फ्लॉवरमध्ये आमच्या पाच जणांची भाजी होते. आणि कोशिंबिरीनं पोट भरतंय होय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. हे सगळे काही फ्लॉवर वाफवून दही टांगणारे नाहीत. मावशींना रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं, म्हणजे गहू नाहीतर तांदूळ. त्यानं चूल पेटते, हे मोठंच काम आहे. सरकारी दवाखान्यात शुगरची गोळीही फुकट मिळते. पण तिथला डॉक्टर "भात कमी खा" म्हणतो, तेव्हा भाताच्या जागी काय खायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. डाळ, भाजी, दाणे, सगळं बाजारभावानं.

रेशनवर दर महिन्याला डाळ मिळावी, ही मागणी ऐकून ऐकून जुनी झाली. मला तिचा अर्थ आत्ता, या कोशिंबिरीमुळे कळला.

सध्या मी फ्लॉवरचा एक गड्डा जास्त आणते आणि मावशींना डबा भरून देते. हा काही उपाय नाही, कळतंय मला.

तुमच्या भागातल्या रेशन दुकानात शेवटची डाळ कधी मिळाली होती? जरूर सांगा. नगरसेवक मतं मागायला येतील तेव्हा हाच प्रश्न त्यांना विचारू.