गाडीच्या नाकात पाणी



शाळेच्या वार्तापत्रात मुख्याध्यापकांनी मोटारीच्या इंजिनावर लिहावे, हे काही पालकांना विचित्र वाटेल. निकाल, शुल्क, स्नेहसंमेलन हे आमचे नेहमीचे विषय, आणि ते या अंकात आहेतच. पण या हिवाळ्यात एका सकाळी फाटकाशी उभे राहून आम्ही सहज मोजले, तर मुलांना सोडायला आलेल्या गाड्यांपैकी पाच गाड्या अशा निघाल्या की बोनेटच्या आत काहीतरी बदलून घेतलेले आहे. बोनेट उघडावे लागत नाही, आवाजावरूनच कळते. या गाड्या चालवणारे मामा, काका, दादा बहुतेक आमचेच माजी विद्यार्थी, आणि मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेले आमचे आजचे विद्यार्थी. म्हणून हा विषय शाळेचाच आहे असे आम्ही समजतो.

आमचे घर मराठी, पण शाळा-कॉलेज सगळे हिंदी माध्यमात झाले. बी.एस्सी.ला इंजिनाच्या चार क्रिया आम्ही 'चूषण, संपीडन, शक्ति, निष्कास' अशा पाठ केल्या, आणि आजही डोक्यात त्याच येतात. मराठी शब्द कुठे अडला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. आपल्या ग्वाल्हेरचे मिस्त्री तर यातला एकही शब्द वापरत नाहीत, ते सरळ 'कम्प्रेशन' म्हणतात.

२०२५ च्या जानेवारीत मावठा झाला, त्यानंतर दोन दिवस दाट धुके होते. आमचा एक माजी विद्यार्थी भाचीला शाळेत सोडायला निघाला. गाडी पेट्रोलची, बाराशे सीसीची. हवा घेण्याचा मूळ डबा काढून त्याने लांब पाइप आणि शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला होता, आणि तो फिल्टर खाली बंपरच्या मागे, फॉग लाइटच्या जवळ. रेल्वेखालच्या पुलात पाणी साचले होते, ते धुक्यात दिसले नाही. गाडी पाण्यात शिरली, गुरगुरली आणि बंद पडली. त्याने दोन-तीन वेळा चावी फिरवली. तिसऱ्या वेळी आतून 'ठक' असा आवाज आला. भाचीला खांद्यावर घेऊन तो गुडघाभर पाण्यातून बाहेर आला. मुलगी शाळेत पोचली तेव्हा मोजे ओले आणि दात वाजत होते. ऑफिसातल्या हीटरसमोर तिला बसवले, चहा दिला. ती म्हणाली, "सर, मामाची गाडी बुडली." बुडाली नव्हती, पण नुकसान त्याच तोडीचे झाले होते. गॅरेजमधून निघालेला वाकडा कनेक्टिंग रॉड तो पुढे स्वतःच शाळेत देऊन गेला. तो आता प्रयोगशाळेत टेबलावर ठेवला आहे, कोणीही येऊन पाहावा.

मुलांनो, इंजिन पेट्रोल पिते हे सगळ्यांना माहीत असते, पण ते त्याहून कितीतरी जास्त हवा पिते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा. गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, तशा नऊ टाक्या. ही सगळी हवा एका तोंडातून आत जाते. गाडी बनवणारे ते तोंड बोनेटच्या वरच्या काठाजवळ ठेवतात, मध्ये डबा देतात, डब्याच्या तळाला पाणी निथळायला बारीक छिद्र ठेवतात. दिसायला हे सगळे ओबडधोबड प्लॅस्टिक, म्हणून पोरांना ते नकोसे वाटते. पण त्या ओबडधोबडपणात पावसाळा आणि मावठा दोन्हींचा विचार केलेला असतो.

तोंड खाली नेण्यामागे हेतू असा की बोनेटच्या आतली हवा गरम, बाहेरची थंड, आणि थंड हवा दाट असते. दाट हवेत ऑक्सिजन जास्त, म्हणून ताकद जास्त. शास्त्र बरोबर आहे. पण आपल्या गावाचे हवामान घ्या. मे महिन्यात ४५ अंश आणि जानेवारीच्या पहाटे ५ अंश. या दोन हवांच्या घनतेत सुमारे १४ टक्क्यांचा फरक आहे. म्हणजे पाइप खाली नेऊन जे मिळवायचे, ते हिवाळ्यात देव आपल्याला आयते देतो, डबा मूळ जागी असला तरी. ज्या ऋतूत तो पाइप सगळ्यात कमी उपयोगाचा, त्याच ऋतूत धुक्याने रस्त्यावरचे पाणी दिसेनासे होते. हे गणित त्या मुलापुढे मांडले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "सर, ताकदीसाठी कोण लावतं, आवाजासाठी लावतात." निदान खरे बोलला.

आता दुसरे गणित, अकरावीच्या मुलांनी वहीत करून पाहावे. बाराशे सीसीचे चार सिलिंडर, म्हणजे प्रत्येकी ३०० घन सेंटिमीटर. संपीडन-अनुपात १० धरला तर पिस्टन अगदी वर गेल्यावर उरलेली जागा ३३ घन सेंटिमीटर. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. त्यामुळे एका सिलिंडरमध्ये ३३ मिलिलिटरहून जास्त पाणी गेले की पिस्टनला वर जायला जागाच राहत नाही. बाकीचे सिलिंडर, चाके आणि गाडीचे वजन मात्र त्याला ढकलतच असतात. मग जे सगळ्यात बारीक, ते वाकते. खोकल्याच्या औषधाच्या टोपीतून तीन वेळा ओतले तर एवढे पाणी होते. डिझेल गाडीत संपीडन आणखी जास्त असते, त्यामुळे तिथे वीस मिलिलिटरसुद्धा पुरते. भौतिकशास्त्राच्या सरांनी मोजपात्रात ३३ मिलिलिटर पाणी घेऊन त्या वाकड्या रॉडशेजारी ठेवले, तेव्हा वर्गात पहिल्यांदाच कोणी बोलेना.

काही पालक धुक्यालाच घाबरतात, तेवढे घाबरायला नको. दाट धुक्यातसुद्धा एक घनमीटर हवेत पाण्याचे थेंब ग्रॅमच्या पाव भागाच्या आसपास असतात. नऊ घनमीटर हवेत दोन-अडीच ग्रॅम झाले, आणि तेही पंधरा किलोमीटरच्या रस्त्यावर पसरलेले. इंजिन ते सहज वाफ करून टाकते. सकाळी सायलेन्सरमधून थेंब गळतात त्यालाही भ्यायचे कारण नाही. पेट्रोल जळले की पाणी तयार होतेच, एका लिटरमागे जवळजवळ लिटरभर, आणि गार सायलेन्सरमध्ये ते गोठल्यासारखे थेंब होऊन पडते. ऑइलच्या झाकणाखाली हिवाळ्यात पांढरट साय दिसते तीही बहुधा याच जातीची. घरापासून शाळेपर्यंत दोन किलोमीटर गाडी चालवायची आणि बंद करायची, इंजिन नीट तापतच नाही, मग आतला दमटपणा तेलात बसतो. आठवड्यातून एकदा लांब फेरी मारली की ती साय जाते. गेली नाही तर मिस्त्रीला दाखवावे. भीती बाळगायची ती साचलेल्या पाण्याची आणि पुढच्या बसच्या चाकाने उडवलेल्या लाटेची.

मग ज्याने पाइप बसवलाच आहे त्याने काय करावे? आमच्या मते सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे: दिवाळीनंतर जुना डबा माळ्यावरून काढून परत बसवावा आणि पाइप माळ्यावर टाकावा. तासाभराचे काम आहे. ते जिवावर येत असेल तर निदान फिल्टर वर आणावा, पाइपाचा खालचा तुकडा काढून बोनेटच्या आतच हेडलाइटच्या उंचीला. चाकाच्या आतल्या बाजूचे प्लॅस्टिकचे अस्तर आणि इंजिनाखालचा पत्रा काही मिस्त्री पाइपाला जागा करताना काढून टाकतात आणि परत लावत नाहीत, ते आधी मागून घ्यावे. चाकाने उडवलेला चिखल अडवायला तेच असते. पाणी न शोषणारा कापडी मोजा फिल्टरवर चढवायला मिळतो. तो शिंतोड्यांपुरता ठीक, पण फिल्टर पाण्याखाली गेला तर त्याचा काही उपयोग नाही. पाइपाच्या मध्ये बसवायची एक झडपही मिळते. फिल्टर बुडाला आणि ओढ वाढली की ती उघडते आणि वरून हवा घेऊ देते. कल्पना चांगली, पण ती झडप पाण्याच्या पातळीच्या बरीच वर बसली तरच, आणि टर्बो गाडीत टर्बोच्या पुढे, जिथे हवा दाबाने जाते, तिथे ती चालत नाही. फिल्टरला पॉलिथिनची पिशवी बांधून येणारा एक जण आम्ही पाहिला. ही युक्ती कोणी करू नये. पिशवी ओढली जाऊन तोंडालाच चिकटते.

धुण्याच्या फिल्टरबद्दल एक सांगायचे राहिले. रविवारी दुपारी धुतला आणि सोमवारी सकाळी बसवला, हे उन्हाळ्यात चालते. जानेवारीत आपल्याकडे गच्चीवर टाकलेली चादर दोन दिवस वाळत नाही, तर कापसाच्या चार थरांचे काय! पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये, आणि वाळल्यावर तेलही बेताने लावावे. ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो त्यांत जास्तीचे तेल त्या सेन्सरवर जाऊन बसते.

आणि पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावू नये. एकदाही नाही. पाणी आत गेल्यावर पहिल्या झटक्यातच इंजिन जाते असे नाही, पुष्कळदा ते परत सुरू करण्याच्या हट्टात जाते. आधी मुलांना बाहेर काढावे, कोरड्या जागी उभे करावे, शाळेला फोन करावा. उशिराची नोंद होणार नाही, हा आमचा शब्द. मग गाडी ओढून न्यावी. मिस्त्री स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवतो आणि पाणी भोकांतून पिचकारीसारखे बाहेर येते. वेळेवर हे झाले तर कधी कधी प्लग, तेल आणि फिल्टर एवढ्यावर निभावते.

विम्याचे कागदही पालकांनी एकदा वाचावेत. साध्या पॉलिसीत पाण्याने इंजिन अडकल्याची भरपाई बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि गाडीतला बदल कळवलेला नसेल तर आणखी वाद होतो. कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. बारावीच्या मुलांना अठरा पूर्ण होताच या गाड्यांची स्वप्ने पडू लागतात, म्हणून हेही कानावर घातले.

आता विश्वस्त मंडळाकडे एक मागणे. फाटकासमोरचा रस्ता मध्येच खोलगट आहे. मावठ्याचे पाणी तिथे आठवडाभर राहते, कारण हिवाळ्यात ऊन तिथवर पोचतच नाही. सकाळी पावणेआठला सगळ्या गाड्या त्याच पाण्यातून वळतात. चार ट्रॉली मुरूम आणि भिंतीलगत एक नाली एवढेच काम आहे. पुढच्या बैठकीत आम्ही खर्चाचा कागद ठेवणार आहोत. नाली होईपर्यंत फाटकाच्या अलीकडे पिंपळाखालीच गाडी थांबवावी आणि मुलांना तिथे उतरवावे. तिथून आत यायला चाळीस पावले लागतात, आणि शिपाई मामा धुक्यात बॅटरी घेऊन उभे असतात.