रेघ कुठे ओढायची?

बेल्जियमचे पॅथॉलॉजिस्ट विली गेप्ट्स यांनी १९६५ साली २२ रुग्णांच्या स्वादुपिंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे कोवळ्या वयात मधुमेह होऊन, आजार दिसल्यावर थोड्याच काळात दगावलेले. त्यांतल्या १५ जणांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या बेटांना लिम्फोसाइट्स या प्रतिकारशक्तीच्या पेशींनी वेढा घातला होता. असा वेढा आधीही कुणाकुणाला तुरळक दिसला होता, पण २२ पैकी १५ म्हटल्यावर त्याला योगायोग म्हणणे अवघड झाले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटत असावी, हा संशय बळावला.

पॅथॉलॉजीचे हे जुने दुखणे आहे. उत्तर मिळते, पण रुग्ण गेल्यावर. स्वादुपिंड पोटात खोलवर, कण्याला लागून असते. जिवंत माणसाच्या स्वादुपिंडाचा तुकडा निव्वळ खात्री करण्यासाठी काढायला कुणी धजावत नाही. तेव्हा आतल्या हल्ल्याची खूण रक्तात शोधणे एवढाच मार्ग उरला.

पुण्यातल्या एका लॅबमध्ये ही खूण शोधण्याचे काम एक पॅथॉलॉजिस्ट करतात. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. 'गॅड अँटीबॉडी' नावाची चाचणी आपल्या लॅबमध्ये बसवायची त्यांनी ठरवले आहे. बाहेरून किट आणणे सोपे असते. त्या किटच्या आकड्यावर कितपत विसंबायचे हे ठरवण्यात मात्र महिने जातात. आणि त्या ठरवण्यामागे पन्नास वर्षांची खटपट उभी आहे.

लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात जियान फ्रँको बोताझ्झो आणि डेबोरा डोनियाक यांनी १९७४ साली पहिला पुरावा दिला. थायरॉइडवर उलटलेल्या अँटीबॉडी डोनियाक यांच्या गटाने १९५६ मध्येच दाखवल्या होत्या. आता त्यांनी एकाच वेळी अनेक ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांचे सीरम घेतले आणि गोठवलेल्या मानवी स्वादुपिंडाच्या पातळ कापावर सोडले. त्यावर चकाकणारा रंग जोडलेली दुसरी अँटीबॉडी सोडली. सूक्ष्मदर्शकाखाली बेटे हिरवी उजळली. त्या रक्तात बेटांविरुद्धच्या अँटीबॉडी होत्या.

ही चाचणी करणाऱ्यांची तारांबळ आज ऐकायला गमतीची वाटते. स्वादुपिंडात पाचकरस असतात, त्यामुळे ते शरीराबाहेर काढले की स्वतःलाच पचवू लागते. म्हणून ते झटपट गोठवावे लागे. दात्याचा रक्तगट 'ओ' असलेला बरा, नाहीतर रुग्णाच्या सीरममधल्या रक्तगटाच्या अँटीबॉडीच कापाला चिकटून घोटाळा करणार. शिवाय एका दात्याचे स्वादुपिंड छान उजळते, दुसऱ्याचे मंद. हिरवेपणा पुरेसा आहे का, हे डोळ्यांनीच ठरवायचे. एक तज्ज्ञ 'आहे' म्हणे, दुसरा 'नाही'. १९८० च्या दशकात सर्वांनी एकाच प्रमाणित सीरमशी तुलना करून एकके वापरायला सुरुवात केली, तेव्हा एका गावचा आकडा दुसऱ्या गावात चालू लागला.

बेटातला नेमका कोणता रेणू अँटीबॉडीला दिसतो, हे मात्र कळत नव्हते. १९८२ मध्ये स्टाइनन बेकेस्कॉव्ह आणि सहकाऱ्यांना ६४ हजार डाल्टन वजनाचे एक प्रथिन सापडले. बरीच वर्षे त्याची ओळख फक्त वजनावरून होती. वाट दाखवली ती भलत्याच आजाराने. 'स्टिफ मॅन सिंड्रोम' या दुर्मीळ विकारात अंगाचे स्नायू ताठ होतात. अशा रुग्णांच्या रक्तात मेंदूतल्या गॅड या एन्झाइमविरुद्ध अँटीबॉडी मिळाल्या, आणि त्यांतल्या काहींना मधुमेहही होता. १९९० मध्ये उलगडा झाला की स्वादुपिंडातले ते ६४ हजारांचे प्रथिन म्हणजे गॅडच. पुढे आयए-२ हे आणखी एक प्रथिन सापडले, आणि २००७ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत जस्त वाहून नेणारे झिंक ट्रान्सपोर्टर-८. आता गोठवलेले स्वादुपिंड लागत नाही. शुद्ध प्रथिन पुरते.

तरी कारागिरी संपली नाही. प्रथिन प्लॅस्टिकच्या प्लेटला नुसते चिकटवले की त्याचा आकार बिघडतो. उकडीचा मोदक ताटाला दाबला तर कळ्या मोडतात तसा. या आजारातल्या बऱ्याच अँटीबॉडी प्रथिनाची घडीच ओळखतात, म्हणून सुरुवातीच्या साध्या एलायझा चाचण्या फसल्या आणि किरणोत्सारी खूण लावलेले प्रथिन द्रवात मोकळे ठेवून केलेल्या चाचण्या टिकल्या. नंतर एक युक्ती निघाली. अँटीबॉडीला दोन बाहू असतात. एका बाहूने तिने प्लेटवरचे गॅड धरायचे आणि दुसऱ्याने द्रवातले, खूण लावलेले गॅड. दोन्ही धरले तरच रंग उमटतो. मॅडमच्या किटमध्ये हीच युक्ती आहे.

लॅबमध्ये फिजिशियनचा फोन आला की मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला: "इन्सुलिन कधी सुरू केलं?" त्याची मुळे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका सरकारी रुग्णालयात आहेत. १९५० च्या दशकात रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांना दिसले की इन्सुलिनची इंजेक्शने घेणाऱ्यांच्या रक्तात इन्सुलिन रेंगाळते, कारण त्याला अँटीबॉडी धरून ठेवतात. एवढ्या लहान रेणूविरुद्ध अँटीबॉडी बनते हे मान्य करायला नियतकालिके तयार नव्हती. १९५६ चा लेख छापून यायला शीर्षकातून 'अँटीबॉडी' हा शब्द काढावा लागला. नकाराचे पत्र यालो यांनी जपून ठेवले आणि १९७७ च्या नोबेल व्याख्यानात दाखवले. बर्सन १९७२ मध्येच वारले होते. त्याच अँटीबॉडीला हत्यार करून दोघांनी रेडिओइम्युनोअॅसे ही रक्तातले सूक्ष्म प्रमाण मोजणारी पद्धत घडवली होती.

१९८३ मध्ये इंजेक्शन न घेतलेल्या नव्या रुग्णांतही इन्सुलिनविरुद्धच्या अँटीबॉडी मिळाल्या. मग या चाचणीला अर्थ आला, पण एका अटीवर. इन्सुलिन सुरू होऊन एक-दोन आठवडे उलटले की बाहेरून आलेल्या इन्सुलिनमुळेही तशा अँटीबॉडी तयार होतात, आणि आकडा कशाचा ते सांगता येत नाही. नवजात बाळाच्या रक्तातल्या अँटीबॉडी आईच्या असू शकतात. मोठ्या माणसाला नुकतेच इम्युनोग्लोब्युलिन चढवले असेल, तर त्या दात्यांच्या. रक्त खोटे बोलत नाही, पण कुणाचे आणि कधीचे हे विचारल्याशिवाय रिपोर्टवर सही करायची नाही, असा मॅडमचा शिरस्ता आहे.

सगळ्यात जास्त वेळ त्यांना खातो तो कट-ऑफ. एका किटची रेघ ५ एककांवर, दुसऱ्याची १० वर. या रेघा निसर्गाने आखलेल्या नाहीत. निरोगी लोकांचे रक्त तपासायचे, शंभरातले नव्याण्णव ज्याच्या खाली येतात तो आकडा शोधायचा, आणि तिथे रेघ मारायची. म्हणजे शंभर निरोगी माणसांतला एक जण व्याख्येनेच 'पॉझिटिव्ह' ठरतो.

जर्मनीत बव्हेरियामध्ये २०१५ पासून पावणेदोन ते सहा वर्षांच्या मुलांची या अँटीबॉडींसाठी तपासणी झाली. ९०,६३२ मुलांपैकी २८० जणांत आजाराची सुरुवात आढळली, म्हणजे ०.३१ टक्के. आता एकाच अँटीबॉडीवर भरवसा ठेवून दहा हजार मुले तपासली असती तर काय झाले असते? खरी ३१, आणि त्यांच्याबरोबर विनाकारण घाबरवलेली सुमारे शंभर. म्हणून तिथे एका पॉझिटिव्ह आकड्यावर थांबत नसत. वेगळ्या पद्धतीने पुन्हा तपासत, दोन किंवा जास्त अँटीबॉडी सापडल्या तर नवा नमुना घेत, आणि मगच आईवडिलांना बोलावत.

'दोन किंवा जास्त' या अटीलाही आधार आहे. कोलोरॅडो, फिनलंड आणि जर्मनीतल्या १३,३७७ मुलांचा पाठपुरावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक अँटीबॉडी आलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह झाला; एकच आलेल्यांत हे प्रमाण १४.५ टक्के होते. आता अनेक अँटीबॉडी असलेले मूल साखर बिघडण्याआधीच पहिल्या टप्प्यातले धरले जाते. साखर किंचित बिघडली की दुसरा टप्पा, लक्षणे आली की तिसरा. दुसऱ्या टप्प्यातल्या, आठ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या रुग्णांसाठी अमेरिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये टेप्लिझुमॅब हे औषध मंजूर केले. ७६ जणांवरच्या चाचणीत त्याने मधुमेह सुमारे दोन वर्षे पुढे ढकलला होता. इटलीने तर २०२३ मध्ये मुलांच्या सार्वत्रिक तपासणीसाठी कायदाच केला.

मॅडमकडे येणारे नमुने बहुधा मुलांचे नसतात. पस्तिशी-चाळिशीतला, बारीक अंगाचा माणूस, 'टाइप टू' म्हणून गोळ्या चालू, तरी साखर आटोक्यात येत नाही. गॅड पॉझिटिव्ह आले तर तो टाइप वन, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यातून होणारा मधुमेह असावा, आणि उपचारांची दिशाच बदलते. निगेटिव्ह आले तर पेच वाढतो, कारण अँटीबॉडी नसलेला टाइप वनही असतो. मग आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर, आणि स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवते हे सांगणारे सी-पेप्टाइड. या चाचण्यांच्या बहुतेक रेघा गोऱ्या लोकांच्या रक्तावर आखलेल्या आहेत. त्या आपल्याकडे कितपत लागू होतात, हा प्रश्न पुण्यात नवा नाही. पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडचे एक्झिटर विद्यापीठ यांनी २०२० मध्ये टाइप वनचा जनुकीय धोका मोजणारा युरोपीय गुणांक भारतीयांवर तपासला. तो इथेही चालला, पण थोडा कमी धारदार.

म्हणून मॅडमना आपली रेघ आपल्या माणसांच्या रक्तावर आखायची आहे. इथे एक साधे गणित आडवे येते. शंभरच निरोगी माणसे घेतली तर नव्याण्णव जण ज्याच्या खाली येतात तो आकडा वरच्या एक-दोन जणांवरच ठरतो. त्यांतल्या एकाला न कळलेला थायरॉइडचा विकार असेल, किंवा खुद्द मधुमेहच दबा धरून बसला असेल, तर पुढच्या सगळ्या रुग्णांची रेघ त्या एका माणसामुळे वर सरकते. त्यामुळे निरोगी म्हणून धरायचे कुणाला, घरात टाइप वन असलेल्याला यादीत घ्यायचे की नाही, थायरॉइडची गोळी घेणाऱ्या टेक्निशियनचे रक्त चालेल का, यावर लॅबमध्ये रोज वाद होतो. तोपर्यंत ५ आणि १० च्या मधला आकडा आला की मॅडम रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' लिहीत नाहीत, 'निगेटिव्ह'ही नाही. आकडा, किटचे नाव आणि 'दुसरी अँटीबॉडी पाहावी' एवढेच लिहितात, आणि फिजिशियनला स्वतः फोन लावतात.