संकोच, श्रमदान आणि शोषखड्डा

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजेच महाविद्यालयांत ‘एनएसएस’ किंवा ‘रासेयो’ या नावाने ओळखला जाणारा उपक्रम, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाला. दोन वर्षांत २४० तास समाजकार्य आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर एवढी स्वयंसेवकाकडून अपेक्षा असते. परंतु तासांच्या या हिशेबात न मावणारा परिणाम, म्हणजे अबोल विद्यार्थ्याने हळूहळू जबाबदारी पेलू लागणे, सहसा ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या मोघम शब्दाखाली झाकला जातो. तो प्रत्यक्षात कसा घडतो, हे प्रस्तुत लेखिकेच्या विद्यार्थिदशेतील अनुभवाच्या आधारे येथे मांडले आहे.

वर्गात उत्तर माहीत असूनही हात वर न होणे आणि हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही आवाज घशात अडकणे, असे लेखिकेच्या संकोचाचे स्वरूप होते. योजनेत नाव घातले तेही नेतृत्वाच्या ओढीने नव्हे, तर हातात घमेले असले की कोणी भाषण करायला सांगणार नाही, या समजुतीने. ही समजूत पूर्णतः चुकीची नव्हती, कारण शिबिराच्या दिनक्रमात सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक म्हणजे व्याख्यान व चर्चा आणि रात्री दिवसाच्या कामाचा आढावा असा क्रम असतो. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहायचे, हा संत गाडगेबाबांचा शिरस्ता महाराष्ट्राला परिचित आहे. आधी हात आणि मग शब्द हा क्रम संकोची माणसाला फार मानवतो, कारण बोलण्याची वेळ येईपर्यंत सांगण्याजोगे काही त्याच्यापाशी जमलेले असते.

तिसऱ्या दिवशी सांडपाण्याच्या पाहणीसाठी गट घरोघर गेले. इतर गट छापील प्रश्न भराभर विचारून पुढे सरकत असताना लेखिकेला दुसरा प्रश्न विचारण्याचे धाडसच होत नसे, आणि त्या शांततेत घरातल्या वृद्ध स्त्रिया आपणहून बोलू लागत. अशाच एका ओसरीवर कळले की गल्लीत साचणारे पाणी दोन शेजारच्या घरांचे असून, शोषखड्डा कोणाच्या हद्दीत खणायचा यावरून त्यांचा अबोला आहे. शोषखड्डा म्हणजे तळाशी मोठे दगड, त्यावर लहान खडी आणि वर वाळू भरून सांडपाणी जमिनीत मुरवण्याची सोय. तिला खर्च थोडा लागतो, पण जागा लागते आणि शेजाऱ्याची संमतीही. अबोल्याची ही गोष्ट कोणत्याही छापील तक्त्यात बसत नव्हती आणि ती एकट्या लेखिकेला ठाऊक होती, म्हणून त्या रात्रीच्या आढाव्यात उभे राहणे भाग पडले. आवाज थरथरला, वाक्ये तुटली, तरी सभा ऐकत राहिली. सहाव्या दिवशी दोन्ही घरांच्या सामाईक हद्दीवर खड्डा खणला गेला.

भीती नाहीशी झाल्यामुळे नेतृत्व आले, असे येथे म्हणता येत नाही. भीती होतीच, फक्त त्या ओसरीवरचे ऐकलेले स्वतःजवळ दडवून ठेवणे तिच्याहून जड झाले. पुढच्या वर्षी गटप्रमुख म्हणून टिकाव-फावड्यांची मोजदाद, पाळ्या आणि सरपंचांशी बोलणी हे सारे लेखिकेकडे आले, आणि एक दोषही घडला: कमी बोलणाऱ्या मुलींना त्यांच्या सोयीसाठी म्हणून सतत स्वयंपाकाच्या पाळीत टाकले गेले. ही सोय नसून दुर्लक्ष होते, हे ज्या व्यक्तीने सर्वांत आधी ओळखायला हवे होते, तिनेच ते उशिरा, शिबिराच्या पाचव्या दिवशी ओळखले. उरलेल्या दोन दिवसांत पाहणीची वही त्यांच्याकडे देण्यात आली. ज्या घरांच्या नोंदी आधी अपुऱ्या होत्या, त्या त्यांनी पूर्ण केल्या. शिबिरे घेणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना म्हणून एवढीच विनंती आहे की, गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच दिवशी ध्वनिक्षेपक देऊ नये, पाहणीची वही द्यावी, आणि रात्रीच्या आढाव्यात त्याची नोंद दुसऱ्या कोणाला वाचू देऊ नये.