होडीबाहेरचा हात

आमचे जुईनगर नकाशात खाडीच्या अंगाला आहे. प्रत्यक्षात आम्हांला खाडी भेटते ती लोकलच्या खिडकीतून, वाशीचा पूल ओलांडताना. तेवढ्यात एखादी होडी दिसली तर दिसली; की पुन्हा डोके पेपरात. होडीविषयीचे माझे ज्ञान एवढेच होते. त्यात भर घातली माझ्या भाच्याने. तो पुण्याला एका इंजिनिअरिंग कॉलेजात आहे आणि आमच्या ताईच्या मते, वल्हवण्यातून वेळ उरलाच तर शिकतो.

सुट्टीत तो आला की जेवणाच्या टेबलावर होडी अवतरते. काकडी ही होडी, दोन चमचे ही वल्ही. "मामा, आता चमचा काकडीच्या काठावर टेकव बघू!" टेकवला, तर आतल्या बाजूला धरायला जागाच उरेना. नेमकी हीच अडचण शर्यतीच्या होडीची. एकट्याने चालवायची ही होडी आठ मीटरहून जरा लांब. पाण्याशी रुंदी मात्र फूटभरही नाही. आणि वल्हे नीट ओढायचे तर ते ज्या खुंट्यांवर फिरते त्या दोन खुंट्यांत १६० सेंटिमीटरच्या आसपास अंतर हवे. तेवढी रुंद होडी पळायची कशी? म्हणून होडी सडपातळ ठेवायची आणि खुंटी बाहेर टांगायची. तिला धरून ठेवणारा हात म्हणजे रिगर. इंग्लंडात न्यूकॅसलच्या हेन्री क्लॅस्परने १८४० नंतरच्या दशकात तो सुधारून गाजवला. १८४६ साली ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शर्यतीतही तो आला.

कोकणातल्या वाचकांना इथे उलांडी आठवेल. पण उलांडीचा ओंडका पाण्यावर तरंगून होडीला कलंडू देत नाही. रिगर पाण्याला शिवतही नाही. तो फक्त वल्ह्याला टेकू देतो. तोल ज्याचा त्याने सांभाळावा.

या रिगरांतही जाती आहेत. जुना तो नळ्यांचा, होडीच्या कुशीला बोल्टांनी आवळलेला तिकोनी सांगाडा. नवा तो पंखाचा: ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची एकच पट्टी होडीवर आडवी टाकलेली. बोल्ट कमी, ताठपणा जास्त. हा पंख पूर्वी वल्हेकऱ्याच्या पुढ्यात असे, आता पुष्कळ होड्यांत तो पाठीमागे असतो. भाचा पंखवाल्यांच्या पक्षाचा. मी नळ्यांच्या. दहा मुले जी होडी आळीपाळीने वापरतात, तिची एक नळी वाकली तर तेवढी बदलता येते. सलग पंख एका टोकाला वाकला की सबंधच उतरवावा लागतो. संसारी माणसाला असे हिशेब लवकर सुचतात!

सर्वांत चतुर होता सरकता रिगर. एरवी वल्हेकऱ्याची बैठक चाकांवर मागेपुढे सरकते आणि त्या वजनाच्या हेलकाव्याने होडीचा वेग कमीजास्त होतो. या प्रकारात माणूस स्थिर आणि हलका रिगर सरकतो. जर्मनीच्या पेटर-मिखाएल कोल्बेने १९८१ साली त्यावर जगज्जेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी सर्वांनाच तो हवासा झाला आणि १९८३ मध्ये त्याच्यावर बंदी आली. कारण काय, तर खर्च. प्रत्येक क्लबाला होड्या नव्याने घ्याव्या लागल्या असत्या.

हे सारे टेबलावर रंगते. पण गेल्या वर्षी हाच मुलगा होडी सोडायला निघाला होता. खांदे भरून येत, मनगटे सुजत. "माझी उंचीच कमी, हे आपले काम नव्हे," असे त्याने ताईला फोनवर सांगितले. ताईने, मला वाटते, देवापुढे साखर ठेवली असेल. त्याचेही काय चुकले? चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खणता खणता २०१२ साली सैन्यात गेला, तिथे वल्हे हाती धरले आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या शर्यतीत १३वा आला. तो सव्वासहा फुटांच्या वर उंच! त्याचा फोटो पोराच्या खोलीत लावलेला.

मग क्लबाच्या म्हाताऱ्या बोटमनने एकदा त्याला वल्हवताना पाहिले आणि होडी काठाला घेतली. खुंटीवर वल्हे अडकवायच्या कडीखाली प्लॅस्टिकच्या चकत्या असतात. त्याने त्यांतल्या दोन काढून कडीच्या वर बसवल्या. वल्ह्याची मूठ बोटभर खाली आली. एवढेच. आधीचा मुलगा उंच होता आणि रिगर त्याच्या मापाने लावलेला होता. तो कुणी हलवलाच नव्हता. या चकत्या नळ्यांच्या रिगरला असतात आणि पंखाच्याही, त्यामुळे आमच्या दोन पक्षांचे भांडण मला तेव्हापासून थोडे पोरकट वाटते. भांडतो मात्र मी अजूनही.

मूठ छातीला लागायची थांबली, तशी महिनाभरात खांद्यांची तक्रारही गेली. ताई अजून बोटमनवर रागावलेली आहे. आणि परवा पुण्याला परतताना भाच्याने माझ्या हत्यारांच्या पेटीतला १० नंबरचा पाना, न विचारता, बरोबर नेला.