मेघांनी झाकलेली तारका

कुटुंबसंस्थेची थोरवी गाणारे ग्रंथ आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु त्या थोरवीचे मोल घरातील कोण चुकविते, हा प्रश्न रोखठोक विचारणारी कृती विरळा. ऋत्विक घटक यांचा ‘मेघे ढाका तारा’ हा १९६० सालचा बंगाली बोलपट त्या विरळ कृतींपैकी एक होय. शक्तिपद राजगुरू यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे.

१९४७ च्या फाळणीने पूर्व बंगालातून उखडले गेलेले एका शिक्षकाचे कुटुंब कलकत्त्याबाहेरील निर्वासितांच्या वसाहतीत येऊन राहिले आहे. थोरला शंकर गायनाची साधना करतो. गीता व मंटू ही धाकटी भावंडे. वडील अपघाताने जायबंदी होतात आणि साऱ्या घराचा भार नीता या कन्येवर पडतो. ती शिक्षण सोडून नोकरी धरते. ज्या सनतच्या अभ्यासासाठी ती झिजली, तो अखेर गीतेशी विवाह करतो. शंकर मुंबईस जाऊन कीर्तिमान होतो, मंटू कारखान्यात लागतो, आणि नीतेस क्षय जडतो.

या कथेत खलपुरुष कोणीही नाही, हेच तिचे मर्म आहे. नीतेचे लग्न झाले तर चूल कशी पेटावयाची, या धास्तीने आईचे मन कठोर झाले आहे; तिला दुष्ट म्हणावयास जीभ रेटत नाही. पिता सर्व जाणतो, पण त्याच्या हाती काही उरलेले नाही. मीही छत्तीस वर्षे अध्यापन केले. विद्या असूनही घरात निरुपाय झालेल्या त्या वृद्धाकडे पाहताना मला फार अवघडल्यासारखे झाले. विजन भट्टाचार्य यांनी ती भूमिका केली आहे, आणि नीतेची सुप्रिया चौधुरी यांनी.

या बोलपटात उमेच्या विरहाचे बंगाली लोकगीत योजिले आहे. आपल्या गौरीप्रमाणे बंगालची उमाही वर्षातून काही दिवस माहेरी येते व परत जाते. ‘कुमारसंभवा’तील मेना कन्येला तपापासून परावृत्त करू पाहते; येथे मात्र माहेरच कन्येला तपास बसविते, आणि फळ इतरांच्या पदरात पडते. शेवटी शिलाँगच्या डोंगरातील आरोग्यधामात, भावाच्या तोंडून घरचे क्षेमकुशल ऐकता ऐकता, ‘मला जगावयाचे होते’ अशा अर्थाचा आक्रोश ती करते. आयुष्यभर न मागणाऱ्या मुलीची ही पहिली मागणी, आणि तीही वेळ टळून गेल्यावर!

आमच्या घरी लहानपणी एक बालविधवा आत्या होत्या. पहाटेपासून स्वयंपाकघर त्यांच्याच हाती असे. वीस-बावीस पाने उठल्यावर त्या जेवावयास बसत. कोणाला आमटी तिखट लागते, कोणाला भात मऊ हवा, हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांना स्वतःला काय आवडे, हे मात्र घरात एकालाही सांगता आले नसते. आम्ही सारी त्यांना देवमाणूस म्हणत असू. देवमाणूस म्हटले की विचारपूस करण्याची गरज उरत नाही, ही त्यातील सोय होती.

आता काळ पालटला. चुलीपाशी बसणाऱ्या आत्येच्या जागी कचेरीत जाणारी लेक आली. तिच्या वेतनावर भावांची शिक्षणे होतात, घराची डागडुजी होते, आणि तिच्या लग्नाची गोष्ट ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून लांबणीवर पडते. माझ्या विद्यार्थिनींतही अशा काही आहेत. त्यांच्या घरची माणसे वाईट नाहीत. नीतेच्या घरचीही नव्हती.

दिवाळीच्या खरेदीपूर्वी घरातील प्रत्येकास काय हवे, असे विचारण्याची चाल आपल्याकडे आहे. जी कधीच काही मागत नाही, तिला तो प्रश्न सर्वांआधी विचारावा. आणि ‘मला काही नको’ असे उत्तर आले, तर तेवढ्यावर समाधान मानू नये.