मंगळवारची मधुमेहशाळा

१५ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

दसरा झाला. बीडच्या डोंगरपट्ट्यात मुकादमांच्या फेऱ्या वाढल्या आहेत. उचल घेतलेली ऊसतोड जोडपी दिवाळीनंतर साखर कारखान्यांकडे निघतील. त्याआधी त्यांच्यातल्या शुगरवाल्यांचे धडे पक्के व्हायला हवेत. मी शिकवायला संभाजीनगरला पडद्यासमोर; तिकडे उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) मॅडम, आशाताई आणि सतरंजीवर बसलेली मंडळी.

ई-संजीवनीमुळे उपकेंद्रात बसून डॉक्टरांचा सल्ला मिळतो, ही मोठी सोय झाली. पण गोळी जेवणाआधी की नंतर, ताटात भात किती, पायाला फोड आला तर काय, हे निर्णय रोज घरात घ्यावे लागतात आणि तिथं डॉक्टर नसतात. ते निर्णय माणसाला स्वतःला घेता यावेत, एवढ्यासाठी हा वर्ग.

आज ग्लुकोमीटर. हात साबणानं धुवून कोरडे करायचे. बोटाला गूळ लागलेला असला तर आकडा खोटाच वाढतो. टोचायचं बोटाच्या कडेला, टोकाला नाही. उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, हे बहुतेकांचं उद्दिष्ट. वय झालेल्यांचं डॉक्टर वेगळं ठरवतात. नुसत्या आकड्याचा उपयोग नाही, शेजारी काय खाल्लं तेही हवं. लिहिता न येणाऱ्यांसाठी आशाताईंनी वहीत चित्रं काढली आहेत: भाकरी, भात, चहाचा कप. त्यावर फक्त खूण करायची.

२२ ऑक्टोबर

इन्सुलिन घेणाऱ्या मावशींना म्हटलं, तुमची बाटली आणि सुई कॅमेऱ्यासमोर धरा. बाटलीवर ४० युनिट प्रति मिली. सिरिंजचं टोपण मात्र नारिंगी, म्हणजे १०० च्या बाटलीसाठीची. दुकानात जी मिळाली ती आणली. मावशी रोज २० च्या रेघेपर्यंत भरत होत्या. त्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे ०.२ मिली. त्यांच्या बाटलीतलं तेवढं औषध म्हणजे ८ युनिट! शुगर उतरत नाही म्हणून घरचे मावशींनाच बोल लावत होते, ‘गोड खाती चोरून.’

लगेच डॉक्टरांना जोडून घेतलं, कारण बरोबर सिरिंज आली की औषध एकदम अडीचपट होणार. डोस त्यांनीच नव्यानं ठरवून दिला आणि पहिले काही दिवस रोज शुगर बघायला सांगितलं. मग लाल टोपणाची सिरिंज दाखवली, बाटलीवरचा ४० आणि सिरिंजवरचा ४० जुळवून बघायला लावले. आता मावशी शेजारणीलाही विचारतात, ‘टोपण कंच्या रंगाचं गं?’

फ्रिज कुणाकडेच नाही. वापरातली बाटली ऊन आणि चूल टाळून गार जागी ठेवली तर साधारण चार आठवडे चालते. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, नेण्यासाठी दोन मडकी: मोठ्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात कोरड्या डब्यात बाटली, वर ओलं फडकं. मडकं सावलीत, वारा लागेल असं.

१२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

आज साखर कमी होण्याचा धडा मुद्दाम घेतला. नाना माळकरी. ‘डॉक्टर काय बी म्हणू द्या, एकादस सोडायची न्हाई.’ सोडा असं मी म्हटलंच नाही. नानांच्या गोळ्यांची पट्टी बघितली. ग्लिमेपिराइड आहे, आणि ती गोळी पोट रिकामं असलं तरी साखर खाली ओढते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना तो धोका फार कमी. त्यामुळे उपवासाच्या दिवशी गोळी किती आणि केव्हा, हे नाना आधी डॉक्टरांना विचारून घेतील, असं ठरलं. फराळाला साबुदाण्याच्या भरल्या ताटाऐवजी वाटीभर भगर, दाण्याची आमटी, काकडी, ताक. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. उपवास सुटायच्या आत शुगर चढलेली असते.

मग सगळ्यांकडून म्हणवून घेतलं: घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी, अचानक भूक. मीटर हाताशी असेल तर ७० च्या खाली. नसेल तर वाट बघायची नाही. तीन चमचे साखर पाण्यातून, बसून राहायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बरं वाटलं की भाकरी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

१४ नोव्हेंबर, जागतिक मधुमेह दिन

इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. ‘काम करणाऱ्याला कुठली शुगर?’ हे वाक्य मी गावोगावी ऐकते, म्हणून आज आकडे सांगितले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक माणसं मधुमेही आहेत. शहरांत प्रमाण १६.४ टक्के, खेड्यांत ८.९. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं प्रमाण शहरात आणि खेड्यात जवळपास सारखं, १५ टक्क्यांच्या आसपास. पुढची लाट कुठून येणार, ते इथंच दिसतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बाया आणि त्यांची बाळं यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपली बाळं वजनानं कमी, तरी त्यांच्या अंगात चरबीचा वाटा जास्त, हे त्यातून पुढं आलं. म्हणजे किडकिडीत दिसणाऱ्या माणसालाही शुगर होऊ शकते, आणि त्याची मुळं आईच्या पोटातल्या दिवसांपर्यंत जातात. हे ऐकून आशाताईंनी विचारलं, ‘मग गरोदर बायांचं खाणंपिणं हा पण शुगरचाच धडा झाला ना?’ झालाच. पुढच्या महिन्यापासून तो घ्यायचा.

२६ नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान उरकून ऊसतोड टोळ्या गेल्या. सतरंजी अर्धी रिकामी. गेलेल्यांचा वर्ग आता रात्री साडेआठला, साध्या कॉन्फरन्स कॉलवर. फडातून आल्यावर, चूल पेटायच्या वेळी. व्हिडिओला तिथं रेंज पुरत नाही, आवाज पुरतो. जोडप्यात फोन एकच आणि तो बहुतेक नवऱ्याच्या खिशात, म्हणून स्पीकर लावायला सांगते. त्यानं तोटा होत नाही. बायकोच्या गोळीची वेळ नवऱ्यालाही पाठ होते.

आजचा धडा पाय. तोडलेल्या उसाचे खुंट टोकदार, पाचटाखाली दिसत नाहीत. शुगरनं पायाची संवेदना गेलेली असली तर खुंट घुसलेलाही कळत नाही. रात्री मोबाइलच्या उजेडात एकमेकांचे तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा बघायच्या. कॉल चालू असतानाच एका दादांनी बायकोचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाले, ‘ताई, अंगठ्याखाली काळं दिसतंया, दाबलं तर हिला काहीच कळंना.’ फोटो मागवला, डॉक्टरांना दाखवला, सकाळीच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला सांगितलं. गेले. आत काटा मोडलेला होता, पू धरायला लागला होता. आठवडाभर उशीर झाला असता तर बोटावर बेतलं असतं.

१४ जानेवारी २०२५, संक्रांत

विषय तिळगूळ. गूळ नैसर्गिक म्हणून चालतो, हा समज घट्ट आहे. त्यात लोह असेल थोडंफार, पण रक्तातली साखर तो साखरेसारखाच वाढवतो. सणाचा एक लाडू घ्या, त्या दिवशीचा गोड चहा सोडा.

पण आजचा खरा धडा मी दिला नाही. फडावरच्या एका काकूंनी स्वतःहून सांगायला सुरुवात केली. पहाटे गोळी घेतली, भाकरी खायची राहिली, मोळी उचलताना हात थरथरायला लागले. ‘म्या वळखलं. कंबरेच्या पिशवीत गुळाचा खडा हुता, त्यो खाल्ला, बांधावर बसले. मुकादम वरडला, तरी उठले न्हाई. बरं वाटल्यावर भाकर खाल्ली, मंग उठले.’ कॉलवरच्या बाया प्रश्न विचारत गेल्या आणि उत्तरं काकूच देत गेल्या. पिशवीत किती गूळ ठेवायचा, नवऱ्याला काय सांगून ठेवायचं, सगळं. मी मध्ये बोलले नाही.

असा वर्ग टिकायचा तर तीन गोष्टी हव्यात. आशाताईंचा या कामात जाणारा वेळ कामात धरला जावा. मीटरच्या पट्ट्या उपकेंद्रात संपू नयेत. आणि रुग्णाची नोंद त्याच्याबरोबर कारखान्याच्या गावी पोचावी.

फोनच्या आवाक्याबाहेरचंही एक काम आहे. काकूंचे डोळे शुगर झाल्यापासून एकदाही तपासलेले नाहीत; वर्षातून एकदा तपासायलाच हवेत. त्या म्हणाल्या, ‘खाडा पडतो, पैसे कापत्यात.’ यावर कुठलाही धडा उपयोगाचा नाही. म्हणून काकूंनी सुचवलं आणि सगळ्यांनी ठरवलं: पुढच्या मंगळवारी मुकादमालाच कॉलवर घ्यायचं, आणि डोळ्यांच्या तपासणीचा दिवस खाड्यात धरू नका, असं सगळ्यांनी मिळून मागायचं.