विहिरीच्या भिंतीवरची वस्ती

‘शेवाळ’ हा शब्द मराठीत आपण फार सैल हाताने वापरतो. तळ्यावर पसरलेला हिरवा तवंग शेवाळ, मोरीच्या फरशीवरचा बुळबुळीत थर शेवाळ, पावसाळ्यात गडाच्या पायरीवर ज्यावरून पाऊल निसटते तेही शेवाळ, आणि कौलांवर मखमलीसारखी उगवते तीही शेवाळच. संस्कृतातील शैवल हे मुख्यतः पाण्यातले. कालिदासाने ‘शाकुंतला’त कमळाला वेढणारे जे शैवल आणले आहे ते तळ्यातले आहे, भिंतीवरचे नव्हे. मराठीने तो शब्द पाण्याबाहेर काढला आणि दगडावर, कौलावर, झाडाच्या सालीवर चढवला. विज्ञानाच्या परिभाषेला एवढी उदारता परवडत नाही. तिने पाण्यातल्या हिरव्या थराला शैवल म्हटले. इंग्रजीत ज्यांना मॉस म्हणतात, त्या खोडापानांसारखे अवयव असलेल्या चिमुकल्या वनस्पतींना शेवाळी म्हटले. आणि कोरड्या दगडावरच्या राखी चकत्यांना शैवाक. गोड्या मसाल्यातले दगडफूल या शेवटच्या घराण्यातले आहे. त्याला शेवाळ म्हटले, तर स्वयंपाकघरात कोणी ऐकून घेणार नाही.

राहनाळला, म्हणजे माझ्या माहेरी, या शब्दाचा उच्चार ‘शेवाल’ असा होतो. आगरी बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’चा ‘ल’ होतो. डोळा तो डोला, काळा तो काला. आणि गावाच्या पाटीवर ‘राहनाळ’ असे लिहिलेले असले तरी जुन्या माणसांच्या तोंडी ते राहनालच. आमच्या लहानपणी शाळेत कोणी ‘शेवाल’ म्हटले की वर्गात हशा पिके. पुढे भाषाविज्ञानाचा अभ्यास करताना संस्कृत कोशात ‘शैवाल’ आणि ‘शेवाल’ ही रूपे भेटली तेव्हा मला मोठी गंमत वाटली. परंतु त्यावरून आगरी बोलीने मूळ रूप जपून ठेवले, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. दोन स्वरांमधल्या ‘ल’चा आधी ‘ळ’ झाला आणि आगरीत त्या ‘ळ’चा पुन्हा ‘ल’ झाला. वाट वळसा घालून निघाल्या ठिकाणी आली, इतकेच. आपल्या बोलीचा अभिमान अवश्य बाळगावा, पण त्यासाठी खोटी वंशावळ तयार करण्याची गरज नसते.

शेवाळीकडे मी शब्दाच्या वाटेने आले असले, तरी तिच्यात गुंतले ते आमच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या एका सहकारी बाईंमुळे. त्यांनी हातात भिंग दिले आणि सांगितले की या वनस्पतीला मूळ नसते, ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बाकीचे आपोआप समजेल. शेवाळीला मुळांसारखे दिसणारे बारीक तंतू असतात, पण त्यांचे मुख्य काम दगडाला धरून राहण्याचे. पाणी वर वाहून नेणाऱ्या नलिका तिला नसतात. पाने बहुधा एकाच पेशीच्या जाडीची. पाणी, क्षार, हवेतली धूळ, जे काही घ्यायचे ते ती सर्वांगाने घेते. आंब्याचे झाड उन्हाळ्यात खोल मुळांनी ओल शोधू शकते; शेवाळीला तो मार्ग नाही. ती जिथे बसली, त्या बोटभर जागेचे ऊन, सावली, ओल आणि चुना हेच तिचे जग. ऊन वाढले की ती वाळते, पाने मिटते, जगण्याचे सारे व्यवहार थांबवते. पण मरत नाही. मृगाची सर आली की काही मिनिटांत पाने पुन्हा उघडतात. तिच्या वंशवाढीलाही पाणी लागतेच, कारण तिच्या नरपेशी मादीपेशीपर्यंत पोहत जातात. त्यासाठी पानांवर पाण्याचा निदान एक पातळ पापुद्रा टिकावा लागतो. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, ही माहिती भूगोलाला पुरेशी आहे. शेवाळीचा प्रश्न निराळा असतो: या दगडावर पडलेले पाणी किती वेळ टिकते?

या प्रश्नाची उत्तरे एकाखाली एक मांडलेली पाहायची असतील, तर आमच्या घरामागची विहीर पाहावी. काळ्या दगडात चुन्याने बांधलेली, सुमारे तीस फूट खोल, रहाटाचे दोन खांब अजून उभे असलेली. एका श्रावणात सहकारी बाईंना मी तिथे नेले. काठावरच्या थारोळ्यावर बसून त्यांनी ती वरून खाली वाचायला सुरुवात केली. मी शिलालेख वाचणारी माणसे पाहिली आहेत. त्यांची एकाग्रता अगदी तशीच होती.

सगळ्यांत वर, जिथे दिवसभर ऊन लागते, तिथल्या दगडांवर शैवाकाच्या राखी चकत्या होत्या आणि खाचांमध्ये रुपेरी झाक असलेली बुटकी शेवाळी. तिचे शास्त्रीय नाव ब्रायम अर्जेंटियम. पानांच्या टोकांना हरितद्रव्य नसते, म्हणून ती चांदीसारखी दिसते. ही शेवाळी अंटार्क्टिकावरही सापडते आणि शहरांच्या फरसबंदीच्या फटींतही. तिला कोठेही करमते. त्याखाली कठड्याचा एक पट्टा सिमेंटचा आहे. 1986 साली वडिलांनी तो नव्याने बांधून घेतला होता. तेवढ्या पट्ट्यावर निराळीच गर्द हिरवी शेवाळी होती, हायोफिला इन्वोल्यूटा नावाची. सिमेंट आणि चुना हिला मानवतो. म्हणून आपल्याकडच्या ओलसर भिंतींवर ती सर्रास दिसते. वाळली की पानांच्या कडा आत गुंडाळून घेते. नावातला ‘इन्वोल्यूटा’ हा शब्द त्यावरूनच आला आहे. चाळीस वर्षांपूर्वीची दुरुस्ती कोठून कोठपर्यंत झाली, हे घरातल्या कोणालाही आता सांगता येत नाही. भिंतीवरचा तो हिरवा पट्टा मात्र इंचाइंचाने दाखवतो.

चार-पाच फूट खाली उतरले की थेट ऊन संपते आणि सांध्यांतून पाझर सुरू होतो. तिथे फिसिडेन्स नावाची, दोन्ही बाजूंना पिसासारखी पाने असलेली नाजूक शेवाळी. तिच्याशेजारी हंसराजाचे नेचे, काळ्या दांड्यांचे. आणखी खाली प्रकाश मंद, हवा सदा दमट. तिथे दगडाला चिकटलेल्या चपट्या हिरव्या पट्ट्या, म्हणजे यकृतका. शेवाळीच्या त्या चुलत बहिणी. आणि पाण्याच्या पातळीशी, जिथे पाणी चढते-उतरते, तिथे शैवलाचा तो निसरडा थर, ज्याला मूळ शब्दार्थाने शैवल म्हणावे. तीस फुटांत ऊन कमी कमी होत गेले, ओल वाढत गेली, आणि प्रत्येक पायरीवर निराळे कुटुंब वस्तीला आले. कोणी कोणाला हाकलून दिले नाही. वरचे खाली आणले तर काळोखाने जाईल. खालचे वर नेले तर एका वैशाखात जळेल.

माझे काका विहिरीत डोकावून पाण्याचा अंदाज घेत. “शेवाल हाय तवर पानी हाय,” असे ते म्हणत. त्यांना फिसिडेन्स ठाऊक नव्हती, पण मधला हिरवा पट्टा मार्गशीर्षात सुकू लागला की यंदा पाझर लवकर आटणार, हे त्यांना कळत असे. ओल किती वर चढली आणि किती काळ राहिली याची नोंद त्या पट्ट्यात असे, आणि काका ती वाचत.

दिशांचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. शेवाळ झाडाच्या उत्तर बाजूला वाढते, म्हणून रानात वाट चुकल्यास तिच्यावरून दिशा ओळखावी, असे पूर्वी मुलांच्या पुस्तकांत हमखास छापलेले असे. ते युरोपातल्या उन्हाचे शहाणपण आहे. तिकडे सूर्य बारमास दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे उत्तर बाजू सावलीत राहते. राहनाळ येते सुमारे 19 अंश अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. शिवाय आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपत येतो. म्हणून आमच्या जुन्या घराची पश्चिमेची भिंत आधी हिरवी होई, आणि पावसाळ्याआधी त्याच भिंतीला झावळ्यांचे झाप बांधावे लागत. झापांमागची भिंत कोरडी राही आणि शेवाळ झापांच्या कडेशी सरळ रेषेत थांबे. परदेशी नियम आपल्या भिंतीला लावून पाहिल्याशिवाय लिहून घेऊ नये, हे मी वर्गात व्याकरणाबद्दल सांगते. ते येथेही लागू पडते.

महाबळेश्वरला गेलेल्यांनी पावसाळ्यात झाडांच्या फांद्या शेवाळीने लपेटलेल्या पाहिल्या असतील. तिथे धुकेच इतके असते की सालीवरही ओल टिकते. जी. टी. दाभाडे यांनी खंडाळा आणि महाबळेश्वर येथील शेवाळींचा सविस्तर अभ्यास केला आहे. ज्यांना रस वाटेल त्यांनी तो अवश्य पाहावा. आमच्या भिवंडीत झाडांवर अशी लोकर चढत नाही. आमची शेवाळी दगडाची, चुन्याची आणि विहिरीची.

आणि दगड, चुना, विहीर या तिन्ही गोष्टी आता राहनाळमधून जात आहेत. अंजूरफाट्यापासून ठाण्याच्या रस्त्याने येताना दोन्ही बाजूंना गोदामेच गोदामे लागतात. अर्ध्या मुंबईचा माल इथे उतरतो आणि इथून चढतो. भातखाचरे भराव घालून वर उचलली गेली. गोदामांच्या भिंती आणि छपरे पत्र्याची असतात. पत्रा उन्हात तापतो, पाणी क्षणात ओघळून जाते, आणि त्यावर शेवाळी बसत नाही. बसते ती सिमेंटच्या कुंपणभिंतीवर, पन्हळीचे पाणी जिथे गळते तिथे, आणि तीही पुन्हा तीच दोन-तीन प्रकारची, रुपेरी आणि गुंडाळत्या पानांची. तिच्या अंगावर कंटेनरांच्या रस्त्याची धूळ असते. शेवाळी हवेतले सर्वांगाने घेते, या तिच्या स्वभावाचा उपयोग स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस हवेतील जड धातू मोजण्यासाठी केला. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात 2013 साली झाडांवरच्या शेवाळीचे 346 नमुने गोळा केले गेले. त्यांतून रंगीत काच तयार करणाऱ्या कारखान्यांच्या आसपास कॅडमियम साचल्याचे उघडकीस आले. महागडी यंत्रे बसवण्याआधी ती गोष्ट झाडांच्या सालींवर लिहिली गेली होती.

आमच्या घरामागची जागाही आता गोदामासाठी द्यायची ठरते आहे. यात मला कोणाचा दोष दिसत नाही. भाताच्या शेतीवर आमच्या पुतण्यांची शिक्षणे झाली नसती. ती गोदामाच्या भाड्यावर झाली. 2005च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच हिस्सा असतो, म्हणून कागदावर माझी सही लागते. आमच्या भागात बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करून चहा घेऊन परत जावे, असा रिवाज आहे. दादाने तसे सुचवले नाही, तो म्हणाला, “ताई, आधी वाच, मग बोल.” मी वाचले. मसुद्याच्या चौथ्या कलमात ‘सदर विहीर बंदिस्त करण्यात येईल’ असे होते.

‘बंदिस्त’ या शब्दाने दोन अर्थ होतात, असे मी दादाला सांगितले. भराव टाकून बुजवणे हा एक. वर स्लॅब टाकणे हा दुसरा. दादाने स्लॅबचा पर्याय लगेच मान्य केला. विहीर वाचते, मुले पडण्याची भीती जाते, वर गाडी उभी राहते. पण स्लॅबखाली विहीर राहते आणि भिंत जाते. प्रकाशच नाही म्हटल्यावर पहिल्या वर्षी वरचे दोन पट्टे संपतील आणि मधले नेचे त्यांच्यामागून. यातली कोणतीही जात जगातून नाहीशी होणार नाही, हे मी स्वतःलाही बजावले आहे; रुपेरी शेवाळीला राहनाळची गरज नाही. नाहीसा होईल तो त्यांचा क्रम. वरपासून खालपर्यंत कोणी कोठे राहायचे, हे त्या दगडांवर कित्येक पावसाळ्यांत ठरले आहे. रहाट, थारोळे, पोहरा, डोणी हे शब्द कोशात राहतातच. पण कोशात ते वर्णानुक्रमाने राहतात, पाणी काढण्याच्या क्रमाने नाही.

मी सुचवलेला बदल लहान आहे: ‘बंदिस्त’ या शब्दाच्या जागी ‘लोखंडी जाळीने आच्छादित’. गाडी उभी करण्याची एक जागा त्यामुळे कमी होते, आणि तिचे भाडे दरमहा किती, याचा हिशेब चुलतभावाने माझ्यापुढे ठेवला. तो हिशेब खरा आहे. माझ्या हिश्श्यातून ती रक्कम वळती करावी, असे मी लिहून दिले. वहिनी म्हणाली, “वन्सं, शेवाळासाठी भाडं भरणारी तुम्हीच पहिली.” चुलतभाऊ अजून विचार करतो आहे. दादाने मात्र जाळी करणाऱ्याला बोलावून माप घेतले.

आता त्या कारागिराचा प्रश्न आहे की जाळीची भोके किती इंचांची ठेवायची. बारीक ठेवली तर शेजारच्या आंब्याची पाने वर साचतील आणि खाली स्लॅबसारखाच काळोख होईल. मोठी ठेवली तर लहान मुलाचा पाय अडकेल. सहकारी बाईंचे मत दोन इंचांचे आहे, आणि पाने झाडायला कोणीतरी पंधरा दिवसांनी जावे, असे त्यांनी वर सांगितले आहे. दादाने त्यासाठी रविवार धरला आहे.